प्रशासकाची परवानगी

स्वतःच्या घरात माणूस सार्वभौम असतो, असं माझं जुनं मत आहे. घर दोन खोल्यांचं असेल, पाणी येईल त्या दिवशी येत असेल, पण उंबऱ्याच्या आत शेवटचा शब्द आपला. पंखा किती नंबरवर ठेवायचा आणि टीव्हीवर काय लावायचं, या बाबी बायकोकडे आहेत, त्या वगळून.

याच मताच्या भरात मी घरच्या संगणकाची भाषा मराठी करून घेतली. आपल्या यंत्राने आपल्याशी आपल्या भाषेत बोलावं. ते बोलू लागलं, तेव्हा कळलं की त्याला दोनच प्रकारची वाक्यं येतात, हुकमाची आणि दिलगिरीची. 'कृपया प्रतीक्षा करा.' 'क्षमस्व, ही क्रिया करता येणार नाही.' इंग्रजीत होती तोवर ही वाक्यं मी वाचतच नसे, त्यामुळे आमचे संबंध चांगले होते.

बायकोच्या बचत गटाची शेंगाचटणी पहिल्यांदाच पुण्याच्या एका प्रदर्शनात जाणार होती. लेबल नसलेलं पाकीट तिथे मांडू देत नाहीत. लेबलं छापायची जबाबदारी मी आपण होऊन घेतली होती. पाकिटं भरून दिवाणावर रचलेली, संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीत पार्सल ठेवायचं, आणि मोडनिंबहून आलेले थोरले बंधू चहा पीत माझा कारभार बघत बसलेले.

मी ऐटीत 'छापा'वर टिचकी मारली. आदल्या आठवड्यापर्यंत निमूट चालणारा प्रिंटर आता यंत्राला ओळखू येईना. तो पुन्हा जोडायला गेलो, तर पडद्यावर पाटी आली : 'हा बदल करण्यासाठी प्रशासकाची परवानगी आवश्यक आहे.'

"परशासक?" दादांनी कप खाली ठेवला. "तुमच्या म्हापालिकेवर बी परशासकच हाय म्हनं. त्योच का ह्यो?"

त्या वर्षी शहरात निवडणुका व्हायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

"नाही हो दादा. या संगणकाचा प्रशासक म्हणजे मीच."

"अहो, मग द्या की परवानगी!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी दिली. संकेतशब्द घालून, रीतसर. यंत्राने क्षणभर विचार केला आणि कळवलं : 'ही सेटिंग तुमच्या प्रशासकाद्वारे नियंत्रित केली जाते. कृपया त्यांच्याशी संपर्क साधा.'

"साध की मंग," दादा म्हणाले. "हितंच बसलाय की त्यो."

मी पुन्हा संपर्क साधला. प्रशासक उपलब्ध होता, त्याला वेळही होता, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात दुसरी पाटी उगवली. नवी सुधारणा आली होती आणि ती कधी बसवायची हे ठरवायचा पूर्ण अधिकार मला होता : 'आत्ता' किंवा 'थोड्या वेळाने'.

"आन् 'नको' कुटं हाय?" दादांनी चष्मा लावून पडदा वरपासून खालपर्यंत तपासला.

"नको नाही."

"मशीन तुजं, लाईट तुजी, खोली तुजी. आन् नको म्हनायची सोय न्हाय? आरं, मुलगी बगायला गेल्यावर बी नको म्हनता येतं."

"तुमच्या भावाला म्हणता आलं असतं की तेव्हा," बायको दारात येऊन म्हणाली. "लेबलांचं काय झालं?"

मी 'थोड्या वेळाने' निवडलं. यंत्राच्या हिशेबात तो थोडा वेळ बायकोचं पुढचं वाक्य सुरू होईपर्यंतचा होता. पडदा निळा झाला, मध्ये ठिपके गोल फिरू लागले, आणि खाली अक्षरं आली : 'तुमचा संगणक बंद करू नका.' त्यातल्या 'तुमचा' या शब्दाकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

बायकोने बघितलं नाही. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून चिकटणारे कोरे कागद आणि तीन मार्कर घेऊन आली. एक दादांना दिला, एक मला. "अहो प्रशासक, लिहा."

आम्ही तिघं जमिनीवर बसलो. दादांचं अक्षर पाटीवर गिरवलेलं, टपोरं. ते सुरुवातीला एवढं मोठं काढत की 'शेंगा'तच कागद संपे. बायकोने त्यांना फक्त 'तिखट' लिहायचं काम दिलं. मी ठिपक्यांकडे मान वळवली की ती एकच म्हणे, "खाली बघा."

शेवटचं लेबल डकवून दादा स्वतः पार्सल घेऊन गेले, आणि ते गाडीत चढवल्याशिवाय तिथून हलले नाहीत. प्रदर्शनात पाकिटं मांडली गेली. बायकोच्या गटाला पुढच्या वेळचंही बोलावणं आलं, आणि लेबलं याच हातांनी लिहायची असं गटाच्या बैठकीत ठरलं. मला बैठकीला बोलावलं नव्हतं.

पार्सल गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी जेवायला बसलो असताना, कुणी काही न सांगता, प्रिंटर घरघरला आणि त्यातून एक पान बाहेर आलं. प्रिंटर यशस्वीरीत्या जोडला गेल्याची माहिती त्यावर होती. छपाई उत्तम होती.