जिज्जींचा निकाल

सिनेमा सुटल्यापासून घरी चहा उकळेपर्यंत जिज्जी तोंडातून अवाक्षर काढत नसत. झाशीच्या इलाइट चौराह्यावर ओळखीचा टेम्पोवाला मुद्दाम मागे वळून विचारायचा, "काए जिज्जी, पिच्चर कैसी हती?" जिज्जी समोर बघत बसायच्या, जणू मांडीवर पर्स नसून न्यायदेवतेचा तराजू आहे. सिविल लाइंसमधल्या घरी पोचायचं, पाय धुवायचे, आधण ठेवायचं. चहाला उकळी आली की पदर उजव्या खांद्यावर घट्ट ओढून त्या मान वर करत आणि निकाल देत: पास, काठावर पास किंवा नापास. जन्म मुलींच्या शाळेत शिकवण्यात गेलेला. त्यांच्याकडे चौथा शेरा नव्हता.

हा सगळा थाट एकाच सिनेमासाठी. म्हणजे त्याच्या एकामागून एक येणाऱ्या भागांसाठी. पृथ्वी सोडून निघालेलं एक यान, नवी जमीन शोधत ताऱ्यांमधून भटकतंय. त्याचा गोरापान कप्तान हिंदी डबिंगमध्ये रामलीलेतल्या राजासारखा गरजायचा, "साथियो, ईंधन समाप्त हो चुका है!" आणि झाशीचं थिएटर दणाणून जायचं. जिज्जींना यानातल्या विज्ञानाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचे प्रश्न वेगळे. "जेवतात कधी रे ही माणसं? इतकी वर्षं घराबाहेर, आणि एकालाही घरचं लोणचं आठवू नये? नापास!" मग चहा ओतताना मला म्हणायच्या, "आपले पूर्वजही महाराष्ट्रातून असेच निघाले होते, भैया. फक्त बैलगाडीतून."

निकालावर अपील करायची मुभा होती, पण मराठीत. हा कायदा त्यांच्या भाचीसाठी होता. मीनूला मराठी सगळं कळायचं, जिभेवर मात्र हिंदीच यायची. "बुआ, वो लड़ाईवाला सीन तो..." "मराठीत." असं ऐकलं की मीनू अडखळत, लाल होत, पडद्यावरच्या राक्षसांची लढाई मराठीत लढायची. आमच्याशी इतकं मराठी ती एरवी वर्षभरात बोलत नसे.

मी शेजारी, आणि अंगात नकलांचा किडा. खुद्द जिज्जींसमोर मी जिज्जींची नक्कल करायचो: उशीचा अभ्रा खांद्यावर, मान वर, "नापास!" सगळ्यात जास्त त्याच हसत. "पुन्हा कर. पदर उजव्या खांद्यावरून ओढ, गाढवा, डाव्या नव्हे." त्यांचे यजमान अण्णा मालगाडीचे गार्ड होते. तेही कोपऱ्यात घसा खाकरून गालातल्या गालात हसायचे. अण्णा बोलायचे कमी आणि रडायचे तर मुळीच नाहीत. स्वतःच्या वडिलांना पोचवून आले तेव्हाही अंघोळ करून ड्यूटीचा डबा भरायला बसले होते.

ते अण्णा सिनेमात रडले. यानाला आग लागते, सगळे सुटकेच्या कुपीत बसतात, पण दार बाहेरूनच बंद होणारं असतं. कप्तान बाहेर थांबतो, दार लावतो आणि हात वर करून त्यांना जायची खूण करतो. सबंध आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून हिरवी झेंडी दाखवलेला माणूस! अण्णांनी चष्मा पुसायचं सोंग केलं. मग तेही जमेना. जिज्जींनी अंधारात त्यांचा हात धरला. त्या दिवशी उकळीची वाट न पाहता जिज्जींनी निकाल दिला, "पास. आणि ह्यांना आधी चहा."

पुढच्या हिवाळ्यात अण्णा गेले. त्यानंतर सिनेमाचा नवा भाग आला. "जिज्जी, राहू द्या," असं मी म्हटलं, पण त्या इस्त्रीची साडी नेसून तयार होत्या. पडद्यावर शास्त्रज्ञांनी कप्तानाच्या एका केसावरून तो कप्तान जसाच्या तसा परत घडवला. तोच चेहरा, तोच आवाज! लोक खुर्च्यांवर उभे राहिले. शिट्ट्या काय, टाळ्या काय. मीसुद्धा घसा बसेस्तोवर ओरडलो.

घरी आधण ठेवलं गेलं. उकळी आली.

"नापास," जिज्जी म्हणाल्या. पदर ओढायचं विसरल्या होत्या.

"लेकिन बुआ..."

"मराठीत."

"पण आत्या, तो परत आला ना! तुला आनंद नाही झाला?"

"हे रडले होते त्या दिवशी," जिज्जी म्हणाल्या. "जन्मात एकदा. आता ही मंडळी सांगतात, तो गेलाच नाही. मग ह्यांच्या त्या रडण्याचं मी काय करू?"

मीनू हळूच म्हणाली, "आत्या, सिनेमा आहे गं तो."

"रडणं सिनेमातलं नव्हतं."

वातावरण हलकं करावं म्हणून मीनूने मला खूण केली, मी घसा खाकरला, तसाच, अण्णांसारखा. जिज्जींनी चटकन हात वर केला. "ह्यांची नको रे, भैया. माझी कर. मी इथे बसलेय ना अजून."

मी त्यांची केली. त्या हसल्या, डोळे पुसत हसल्या.

यंदा आणखी एक भाग आला. आता कप्तान तरुणच झालाय म्हणे! जिज्जी उन्हाळ्यातच गेल्या होत्या. मीनू, तिचा नवरा आणि मी सिनेमाला गेलो, टेम्पोत कुणी काही बोललं नाही. मीनूच्या घरी आधण ठेवलं. चहा उकळू लागला आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघू लागलो.

"भैया, जिज्जीवाला कर दीजिए न," मीनूचा नवरा म्हणाला. "आप तो हूबहू करते हैं."

मी उठलो. मीनूने स्वतःची ओढणी काढून माझ्या हातात दिली. तिच्या तोंडावर तीच उत्सुकता होती, थिएटरातली, शिट्टीच्या आधीची. मी ओढणी खांद्यावर घेतली, उजव्या. मान वर केली. आवाज घशाशी तयार होता, जसाच्या तसा.

मग मी ओढणीची घडी केली आणि परत दिली.

मीनूला कळलं. ती गॅसकडे तोंड करून उभी राहिली, चहा उतू जात होता, आणि तिचे खांदे हलत होते. तिच्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं: काहीतरी करा, हसवा तिला.

मी तिला रडू दिलं.