शेवटच्या शर्यतीतला पहिला नंबर

टीव्हीवर फॉर्म्युला गाड्यांचा मोसम संपत आला की कोट घातलेली चार माणसं येऊन बसतात आणि सांगायला लागतात, बघा, ही टीम शेवटी शेवटी कशी उसळली, पुढचं वर्ष ह्यांचंच. असा राग येतो मला, की रिमोट हातात असून सापडत नाही. अहो, शेवटच्या दोन-चार शर्यतींत ह्यांना कुणी अडवलं नाही, एवढंच झालेलं असतं. पुढच्या वर्षाचा त्यात काय संबंध? मला गाड्यांतलं फार कळतं असा माझा दावा नाही. पण ह्याच एका समजुतीपायी आमच्या घराची काय दशा झाली, ती मी रोज उठून पाहिली आहे.

लग्न करून मी कोडोलीहून कोल्हापुरात आले तेव्हा मुलाकडची माहिती एवढीच होती, की कागलच्या नव्या पंचतारांकित एमआयडीसीत कायम नोकरी आहे, निर्व्यसनी आहे, फक्त गाड्यांचा नाद आहे. आमच्या वडलांना वाटलं, असेल एखादी जुनी बुलेट. उद्यमनगरात मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. त्याच्या मागच्या शेडमध्ये ह्यांनी मला नेलं आणि ताडपत्री बाजूला केली. एकट्यानं बसायची गाडी. टप नाही, दार नाही, दिवे नाहीत, चारही चाकं उघडी बाहेर आलेली. इंजिन मात्र रस्त्यावरच्या साध्या छोट्या कारचं. गल्लीतली पोरं तिला विमान म्हणायची. हे आत उतरून जवळजवळ आडवेच झाले, फक्त डोकं वर राहिलं. ह्यात माणूस बसवतात की पुरतात, असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि हे पोट धरून हसले. तेव्हा आम्ही बरंच हसायचो.

देशातल्या ह्या शर्यती मद्रासजवळच्या नाहीतर कोइमतूरच्या ट्रॅकवर व्हायच्या. पावसाळा सरता सरता सुरू, दिवाळी होऊन थंडी पडली की बंद. शाहूपुरीतला एक मित्र ऑईलचा व्यापारी होता, त्याच्या दुकानाचं नाव गाडीच्या दोन्ही अंगांना रंगवून त्याच्या जिवावर ह्यांनी एक पूर्ण मोसम घेतला. कंपनीनं बिनपगारी रजा दिली. सगळा मोसम हे मागंच. सातवे, आठवे, एकदा तर गाडी दोरीनं ओढून आणली. आणि शेवटून दुसऱ्या शर्यतीत एकदम पहिले आले. घरी फोन आला तेव्हा मामंजींना खरंच वाटेना, त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

शेवटच्या शर्यतीला मग मी हट्टानं गेले. टेंपोत मागं ताडपत्रीखाली गाडी, पुढं ड्रायव्हर, हे आणि मी. निपाणी गेली, बेळगाव गेलं, पुढं कर्नाटक काही संपता संपेना. ट्रॅकवर पोचलो तर आमच्या शेजारीच त्या वर्षीच्या चॅम्पियनचा तंबू. कोइमतूरचा पोरगा, मोठी टीम, त्याचे गुण आधीच पुरे झाले होते, ही शर्यत हरला तरी कप त्याचाच. हे आपल्या गाडीखाली घुसले होते आणि मला काही काम नव्हतं, म्हणून मी इकडंतिकडं बघत बसले. चॅम्पियनच्या गाडीची एक बाजू रंगवलेली आणि दुसऱ्या बाजूला कोरा, न रंगवलेला भाग बसवलेला. त्यांच्या मेकॅनिकला मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, की हे असं अर्धंच का? तो म्हणाला, हे पुढच्या वर्षीसाठी आहे, आज नुसतं लावून बघतोय. मग आज जिंकायचं नाही का, विचारलं तर हसला. चॅम्पियन झालोय की ताई, आता ह्या गाडीचं काय करायचं, असं म्हणाला आणि इडली खायला गेला. दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर तर आलाच नव्हता. तो म्हणे परदेशात कुठल्याशा गाडीची चाचणी द्यायला गेला होता.

हे जिंकले. खोटं कशाला बोलू, नवरा सगळ्यांच्या पुढून येतोय म्हटल्यावर मीही घसा बसेपर्यंत ओरडले. चॅम्पियन पोरगा आला, त्यानं ह्यांना मिठी मारली आणि म्हणाला, पुढच्या वर्षी भेटू. चांगलाच होता बिचारा.

परतीच्या वाटेवर मी त्या कोऱ्या भागाचं आणि इडली खाणाऱ्या मेकॅनिकचं सगळं ह्यांना सांगितलं. परीक्षा झाल्यावर शाळेत जाऊन पहिला नंबर काढल्यासारखं आहे हे, असंही म्हणाले. हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं.

कोल्हापुरात तर गुलाल. उघड्या टेंपोवर विमान, पुढं हलगी, गल्लीतल्या बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या. मामंजींनी गाडीच्या नाकाडाला विभूती लावली, मग स्वतःच्या कपाळाला, मग ह्यांच्या. मामंजी तरुणपणी तालमीत असायचे. त्यांचं म्हणणं असं, की जत्रांचा हंगाम संपत आल्यावर, बाकीच्यांचा दम निघालेला असताना जो पैलवान वर येतो, पुढच्या साली मोठी जोड, म्हणजे मानाची कुस्ती, त्याचीच लागते. कुस्तीत असेलही तसं. पैलवानाचं अंग हंगाम संपला म्हणून बदलत नाही. पण इथं थंडीच्या महिन्यांत गाडी बदलते, टायर बदलतात, नियमाचा कागद बदलतो. हे सगळं मी मामंजींपुढं कुठल्या तोंडानं बोलणार?

आणि मग त्यांनी ते केलं, जे उद्यमनगरातलाच माणूस करू जाणे. तिथं एक रीत आहे. एखादं इंजिन छान बसलं, आवाज गोड आला, की त्याला कुणी हात लावायचा नाही. चालू द्यायचं. उघडलं की बिघडलं, असा सगळ्यांचा विश्वास. मामंजींनी इंजिनाच्या बोल्टांनाही विभूती लावली आणि सांगितलं, आता ह्याला पाना लागणार नाही. हे कंपनीत दिवसभर यंत्रं उघडणारे, झिजलेला भाग काढून नवा टाकणारे. पण ह्यांनीही मान डोलावली. सबंध थंडी आणि उन्हाळा गाडी शेडमध्ये तशीच राहिली. रोज फडकं मात्र मारायचे.

मी एकदा जेवताना न राहवून बोलले. आमच्या कोडोलीत लावणीचा ऊस चांगला आला की तेच खोड राखतात, त्याला पुन्हा फुटून खोडवा येतो. पण लावणीसारखा खोडवा येत नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही ठेवत नाही. सूनबाईनं इंजिनाचा ऊस केला, म्हणत मामंजी हसले. हेही हसले. संध्याकाळी हे टीव्हीपुढं बसून मला दाखले द्यायचे, जगातल्या अमुक टीमनं शेवटच्या शर्यती मारल्या आणि पुढल्या साली कप नेला. मी म्हणायची, आणि त्याच्या आदल्या वर्षी शेवटची शर्यत मारणारी टीम पुढं कुठं दिसली का? की टीव्ही बंद. बरोबर आलेलं ह्यांच्या ध्यानात राहायचं, चुकलेलं माझ्या. दोघांचे दाखले खरे होते, म्हणजे त्या शेवटच्या शर्यतींवरून कुणालाच काही सांगता येत नव्हतं. एवढं कळायला इंजिनिअर व्हायला लागत नाही.

पावसाळ्यात कंपनीच्या साहेबांनी ह्यांना बोलावलं. दुसऱ्यांदा रजा देणं नियमात बसत नाही, राजीनामा द्यावा लागेल, म्हणाले. माणूस भला. वर असंही म्हणाले, की मोसम संपेपर्यंत ती जागा मी कशीतरी धरून ठेवतो, तोवर विचार कर. मामंजींचं वर्कशॉप तोवर नावाला उरलं होतं, एक लेथ चालायचं, तेही आठवड्यातनं कधीतरी. घर चालायचं ते ह्यांच्या नोकरीवर. मी रडले, भांडले, दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांनी राजीनामा दिला.

नव्या मोसमातल्या पहिल्या शर्यतीची गोष्ट मला ह्यांच्या ऑईलवाल्या मित्रानं सांगितली, कारण हे काही बोलायच्या अवस्थेत नव्हते. गाडी बिघडली नव्हती. ह्यांच्या हातून चूकही झाली नाही. गेल्या वर्षी ज्या वेगानं जिंकले होते, अगदी त्याच वेगानं ती गाडी पळाली, मित्रानं घड्याळ लावून बघितलं होतं. आणि हे नववे आले. बाकीचे सगळे पुढं सरकले होते, आम्ही मात्र विभूती लावून होतो तिथंच होतो. कुणाला शिव्या घालाव्यात तर कुणी सापडेना. नशिबानं दगा दिला असता तर मी समजू शकले असते.

मग इंजिन उघडलं. पण मोसम सुरू झाल्यावर उघडून काय उपयोग, मोठ्या टीमचं काम थंडीतच होऊन गेलेलं. दहावे, आठवे, पुन्हा दहावे. मामंजी शेडकडं जायचे बंद झाले. गल्लीतल्या कुणी विचारलं, की पावणं, औंदा कितवं, तर हे मान खाली घालून निघून जायचे. ऑईलवाल्या मित्रानं दुकानाचं नाव ठेवा पण पुढच्या वर्षी मला धरू नका, असं सांगून टाकलं. रात्रीचं जेवण झालं की हे ताट तसंच पुढ्यात ठेवून बसून राहायचे. मला दया यायची आणि तितकाच संतापही यायचा.

दिवाळी झाली. साहेबांचा निरोप आला, सोमवारी हजर व्हायला सांगा, त्यापुढं जागा धरता येणार नाही. नेमकी आदल्या दिवशी, रविवारी, शेवटची शर्यत होती. हे म्हणाले, एवढी करतो, तिथूनच साहेबांना फोन लावतो आणि मंगळवारी कामावर जातो. मी स्वतः साहेबांना विचारून एक दिवस वाढवून घेतला. वाटलं, सुटलो एकदाचे. शर्यतीच्या सकाळी देवापुढं बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा नवरा हरावा म्हणून हात जोडले. चांगला सपाटून हरू दे, म्हटलं, म्हणजे मनात काही उरायचं नाही.

तिन्हीसांजेला दिवा लावत होते तेव्हा फोन वाजला. मागं गलका चालला होता.

"पयला आलो," हे म्हणाले.

मी तिथंच खाली बसले. अभिनंदन राहिलं बाजूलाच. मी विचारलं, साहेबांना फोन केला का? हे म्हणाले, बघू की, आता एवढं झालंय तर पुढच्या साली एकदा. पुढच्या साली हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर आडून आडून सांगत आलेलं मी सरळ विचारून टाकलं.

"खरं सांगा, आज ते सगळे जोर लावून पळत हुते?"

आता हे चिडणार, फोन आदळणार, अशी मी वाट बघत होते. पण हे अगदी शांतपणे बोलले.

"न्हाईत. निम्मं आलंच न्हाईत. आल्यात ती फुडच्या सालची गाडी बघायल्यात."

"म्हणजे तुमाला म्हाईत हाय?"

"गेल्या साली बी म्हाईत हुतं."

पलीकडं कुणीतरी ह्यांना हाक मारत होतं, बक्षीस घ्यायला बोलावत असावेत. तरी हे फोन ठेवत नव्हते.

"अगं, वर्षातनं हा योकच दिवस असतोय," हे म्हणाले. "माझ्या फुडं कुणी नसतंय."

फोन ठेवला. वर्षभर मला वाटत होतं, की माझा नवरा भाबडा आहे, त्याला दिसत नाही, मी दाखवत राहिले तर एक दिवस दिसेल. त्या आशेवर भांडायला तरी बळ यायचं. ज्याला सगळं आधीपासून दिसतंय, त्याला मी आणखी काय दाखवणार होते? मामंजींनी बाहेरून विचारलं, काय झालं. पहिले आले, म्हणून सांगितलं. ते विभूतीची डबी काढायलाही उठले नाहीत.

सोमवारी सकाळी हे अजून टेंपोतच होते. मीच साहेबांना फोन लावला आणि सांगितलं, दुसरा माणूस बघा. साहेबांना वाईट वाटलं. शेवटची शर्यत जिंकल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी जमून जाईल असं वाटतंय का त्याला?

"न्हाई, साहेब," मी म्हटलं. "त्यास्नी बी तसं वाटत न्हाई."