काळ्या मेंदीवरचा शिक्का

बाविसाव्या वर्षीच माझे केस पिकायला लागले. लग्नाआधी आईने काळी मेंदी लावून दिली. अंबडजवळच्या सासरी कुणाला कळू नये म्हणून पुढेही दर महिन्याला मी न्हाणीचं दार लावून ती लावत राहिले. पाकीट ट्रंकेत, साड्यांखाली. त्यावर हिरवं पान, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि सोनेरी गोल शिक्का, ‘प्रमाणित’. तो शिक्का पाहून मी निर्धास्त असायचे.

एके दिवशी मेंदी धुतली आणि डोकं पोळल्यागत झालं. दुसऱ्या दिवशी कपाळ सुजून डोळे मिटले, कानामागून पाणी झरू लागलं.

“काय लावून राह्यली होती गं डोक्याला?” सासूने विचारलं.

“काई न्हाई, आत्याबाई.”

नवऱ्याने एस्टीने जालन्याला नेलं. डॉक्टरबाईंनी त्यालाच औषध आणायला बाहेर पाठवलं आणि म्हणाल्या, “आता सांगा.” मी रडत सगळं सांगितलं. पुढच्या खेपेला पाकीट लपवून नेलं.

त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. “प्रमाणित म्हणे! पण कुणी केलं? तपासणाऱ्या संस्थेचं नाव नाही, परवान्याचा नंबर नाही, आत काय घातलंय तेही नाही. असा शिक्का छापखान्यात कुणीही छापून घेईल. आणि निव्वळ मेंदी लाल रंगते हो. काळी केमिकलने होते. तेच तुम्हाला सोसलं नाही.”

“मंग दुसरी चांगली सांगा ना!”

“काळा रंग आता कुठलाच नको. पुढच्या वेळी जिवावर बेतेल.”

नणंदेचं लग्न तोंडावर आलं होतं. पदराखाली मुळं पांढरी दिसू लागली. देवाला जायचं सांगून मी अंबडच्या बाजारात दुकान-दुकान फिरले, प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचली.

“ताई, घ्यायचंय का नुसतं वाचायचंय?” एक दुकानदार वैतागला.

शेवटी एक पाकीट सापडलं. संस्थेचं नाव, परवाना, पत्ता, सगळं बराबर. घटक : मेंदी, आवळा, माका. खाली लिहिलं होतं, ‘पांढरे केस लालसर होतील.’ खरं सांगणारं पाकीट हातात होतं, आणि माझ्या काही कामाचं नव्हतं. लाल केस म्हणजे दवंडीच. स्टँडवर बसून तोंडात पदर कोंबून रडले. दोन गाड्या गेल्या, मला उठवेना.

घरी येऊन सासूपुढे पदर खाली घेतला. ती बघतच राहिली.

“म्हंजे तुझ्या माहेरच्यांनी फसवलं आम्हाला.”

नवरा उठला. चप्पल घालून बाहेर निघून गेला.

लग्नात मी कपाळावरचे पांढरे केस घेऊन मागे, भिंतीला टेकून बसले. वराकडच्या एका बाईने सासूला विचारलं, “ही तुमची बहीण का?”

सासू माझ्याकडे न बघता म्हणाली, “न्हाई. सून हाय.”