आयाबाईंची भिंत

“थांबा टीचरबाई, पाठ जाग्यावर ठेवून येतो,” असं म्हणून आयाबाई भिंतीशी जायच्या. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोकं भिंतीला. हनुवटी आत. पदर कमरेला खोचलेला आणि नजर समोर, जणू कुणी फोटो काढतंय. थोड्या वेळानं सुस्कारा सोडून म्हणायच्या, “ठेवली.” आणि पुन्हा कामाला लागायच्या.

तेलंगणात, नेरडीगोंड्याजवळच्या खेड्यात आमची एका खोलीची अंगणवाडी होती. मी टीचर, त्या आया. वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांचं खरं नाव कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. तुम्ही अंगणवाडी जवळून पाहिली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथलं सगळं जग गुडघ्याएवढं असतं. ताटल्या खाली, शेंबडी नाकं खाली, सुटलेल्या नाड्या खाली. दिवसभर वाकायचं आणि रडणारं पोर उचलून कडेवर घ्यायचं. संध्याकाळी ही मान आपलीच आहे का, अशी शंका येते.

एकदा मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावी आम्हा सगळ्यांना प्रशिक्षणाला बोलावलं. शहरातून आलेल्या एका डॉक्टरबाईंनी पाठीचे आणि मानेचे व्यायाम दाखवले. त्या तेलुगूत ‘मेडा, मेडा’ म्हणत मान आत घ्यायच्या आणि बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. घरी झाडणं, शेतात निंदणं, त्यावर ही कसरत कशाला! हसल्या नाहीत त्या एकट्या आयाबाई. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. “इचारा ना त्यायले, पोरगं चालतच नसंल तं?”

मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कमरेत वाकू नका, उकिडवं बसा, पोराला छातीशी धरा आणि मांड्यांच्या जोरावर उठा. पोराची कड बदलत राहा. हाताला मुंग्या यायला लागल्या, तर मात्र उचलणं बंद करून आधी दवाखाना गाठा. आयाबाईंनी मान डोलावली. शेवटचं सोडून बाकी सगळं त्यांनी पाळलं.

चालत नसलेलं पोरगं म्हणजे सुमन. पाय जन्मापासून लुळे. तिची आई कापूस वेचायला जायची आणि पोरीला बाजेवर बसवून बाहेरून कडी लावायची, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. आयाबाईंनी हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुमन त्यांच्या कडेवर बसून अंगणवाडीत यायला लागली. “बाजेवर बसून काय शिकंल ते? माशा मोजाले?” एवढंच त्यांनी मला सांगितलं.

त्या व्यायामाचा आयाबाईंनी पोरांसाठी खेळ करून टाकला. हनुवटी आत घेतली की कासव घरात गेलं. खांदे कानापर्यंत नेले की थंडी वाजली. खांदे मागे ओढले की कोंबडा फुगला. पोरं भिंतीशी ओळीनं उभी राहायची आणि मधोमध सुमन बसलेली असायची. पळापळीच्या खेळात ती बिचारी नुसती बघत राही. पण मान आणि खांदे तिचे कुणाहून कमी नव्हते. तिचा कोंबडा सगळ्यांत जास्त फुगायचा, आणि ते बघून आयाबाईंना इतकं हसू यायचं की त्यांचं कासव घराबाहेर पडायचं.

व्यायामानं त्यांना हात दिला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी पाठ ठणकायची तेव्हा त्या ताठ चालायच्या. पण सुमन वाढत होती, जड होत होती, आणि आयाबाईंचं वय काही थांबलं नव्हतं. एके दिवशी खिचडी वाढताना त्यांच्या हातातून डाव पडला.

“काऊन हो, काय झालं?”

“काई नाही. हात जरा झोपून राह्यला.”

मग पोरांची बटणं लागेनाशी झाली. त्या सुमनला हाक मारून म्हणत, “तू लाव वं त्यायची, तुले चांगलं जमते.” आदिलाबादच्या दवाखान्यात चला म्हणून मी मागं लागले, तर म्हणाल्या, “डॉक्टरीण काय म्हणंल ते मले मालूम हाय. उचलू नका म्हणंल. मंग सुमन बाजेवर.”

“आन् तुमी?”

“तिची चाकाची खुर्ची येऊन राह्यली ना. ते येऊ द्या. मंग नेजा मले कुठं न्याचं ते.”

खुर्ची मंजूर झाली होती, पण सरकारी वस्तू, ती तिच्या सवडीनं आली. आली त्या दिवशी आयाबाई शिकल्याप्रमाणे उकिडव्या बसल्या, सुमनला छातीशी धरलं आणि दातओठ खात उठल्या. तिला खुर्चीत ठेवून फ्रॉक नीट केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चला, आता दवाखाना.”

हैदराबादला ऑपरेशन झालं. मानेतली नस फार दिवस दबली होती, असं डॉक्टर म्हणाले. हात काही परत आले नाहीत. आयाबाई घरी बसल्या, बुद्धाच्या तसबिरीखाली, बाजेवर. मी भेटायला गेले तेव्हा हसून म्हणाल्या, “पाहा टीचरबाई, आता बाजेवर मी.” मला हसणं जमलं नाही. मी तिथंच रडले.

सुमन तेव्हा मोठ्या शाळेत जायला लागली होती. शाळा सुटली की ती स्वतःच चाकं ढकलत त्यांच्याकडे यायची. कासव घरात जायचं, थंडी वाजायची. आयाबाईंचे हात वर उठत नसत, म्हणून सुमन त्यांची मनगटं धरून उचलायची.

त्या उन्हाळ्यात आयाबाई गेल्या. माझ्या डोळ्यांपुढे आहे ती त्याआधीची एक संध्याकाळ. सुमननं त्यांचे दोन्ही हात वर धरले होते आणि ती खाली सोडायला तयार नव्हती.

“ठेव वं खाली, माय. तुही पाठ दुखंल.”

“नाही दुखत, आजी,” सुमन म्हणाली. “मी खुर्ची भिंतीले लावून बसलो ना.”