ओढून दाखव

मी जन्माची शंकेखोर. दुकानदार डाळ तोलायला लागला की मी काट्याकडे नाही, त्याच्या करंगळीकडे बघते. मुलगा पुण्याहून फोनवर ‘बरा आहे’ म्हणाला तरी मागून कसले आवाज येतात ते ऐकते. त्यामुळे ‘मामाची बिडी सोडवायला आता ओढायचं वाफेचं यंत्र मिळतं, ई-सिगारेट म्हणतात’ असं त्यानं सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, ‘मग ते यंत्र सोडवायला काय घ्यायचं?’ तो नुसता हसला.

मामा म्हणजे माझा थोरला भाऊ. मंठ्याजवळच्या गावात राहतो, म्हशी-शेळ्यांचे व्यवहार करतो. आईवडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे तो एकटाच. त्या हिवाळ्यात माझ्या घराच्या पायऱ्या चढताना तो मध्येच थांबला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. मी ओढतच त्याला जालन्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, बिडी आज बंद करा, नाहीतर पुढचं माझ्या हातात नाही. दवाखान्याबाहेर येऊन दादानं पहिलं काय केलं असेल, तर बिडी पेटवली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

म्हणून आम्ही दोघं गेलो यंत्र बघायला. मुलगा म्हणाला होता, ‘बंदी आहे, पण मिळतं.’ या वाक्यानंच माझा एक डोळा बारीक झाला होता, पण बुडत्याला काडीचा आधार. मंठ्यात मोबाईलची कव्हरं विकणारं एक दुकान आहे. दुकानदारानं आधी रस्त्यावर नजर टाकली, मग चार्जरच्या खोक्यामागून दोन वस्तू काढून काचेवर ठेवल्या.

एक गुलाबी, प्लास्टिकचं, लहान मुलांच्या पिचकारीसारखं. ओढून संपलं की फेकून द्यायचं. दुसरं काळं, धातूचं, हातात वजन लागणारं, मखमल लावलेल्या पेटीत बसवलेलं. ते चार्ज करायचं आणि वरून रस भरायचा. किंमत एका बऱ्या पैठणीएवढी.

‘मावशी, बिलकुल ओरिजिनल हे,’ तो काळ्यावर बोट ठेवून म्हणाला. ‘सस्ता रोये बार बार, महंगा रोये एक बार.’

‘म्हंजी रडायचं दोन्हीकडं हायेच की,’ मी म्हणाले.

गुलाबी मी नाकाशी नेलं. आंब्याच्या गोळीचा वास. बिडी सोडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी आंब्याची गोळी कोण करतं? हे कुणासाठी केलंय ते मला कळलं आणि मी ते खाली ठेवलं. काळ्याची पेटी उलटी केली, तर वरची चिकटपट्टी एकदा काढून पुन्हा लावलेली.

‘ह्याच्यात काय भरलंय?’

‘फ्लेवर.’

‘आन फ्लेवरात?’

‘ते कंपनीला माहीत, मावशी. आपण फक्त विकून राह्यलो.’

विश्वास मला एकावरही नव्हता. तरी खरं सांगते, मनातून मी काळं घ्यायचं ठरवलं होतं. भावाच्या जिवाच्या बाबतीत स्वस्तातलं घेतलं आणि काही झालं, तर मी स्वतःला काय तोंड दाखवणार? भीती माणसाला महागातलं घ्यायला लावते. दुकानदारांना ते बरोबर कळतं.

इतका वेळ मागे उभा असलेला दादा पुढे झाला. बाजारात त्याचा स्वतःचा एक कायदा आहे. म्हैस विकणाऱ्यानं समोर धार काढायची आणि पहिलं फुलपात्रभर दूध स्वतः प्यायचं. जो पीत नाही, त्याच्या म्हशीला दादा हात लावत नाही. त्यानं दोन्ही यंत्रं दुकानदाराकडे सरकवली.

‘ओढून दाखव.’

‘कोणतं, काका?’

‘दोन्ही.’

‘मला सवय न्हाई.’

‘सवय लाव म्हणून कुठं सांगून राह्यलो? एकेक झुरका घे. बराबर दिसंल मंग.’

दुकानदारानं यंत्रांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि दोन्ही वस्तू खोक्यामागे ठेवून दिल्या. ‘घ्यायचं न्हाई तर जल्दी निघा,’ म्हणाला.

दादा बाहेर आला तो मोठी बाजी मारल्यासारखा. ‘बघितलं? स्वतः ओढत न्हाई आन लोकाच्या गळ्यात बांधून राह्यला.’ असं म्हणत म्हणत त्यानं बसस्टँडसमोर खिशातून बिडीबंडल काढलं.

मी त्यातली एक बिडी खेचून घेतली आणि ओठात धरली. डोक्यावरचा पदर तसाच. शेजारचा पानटपरीवाला चुना लावायचा थांबून बघायला लागला.

‘पेटव,’ मी म्हणाले.

‘येडी झाली का तू?’

‘तूच म्हनतो ना, आधी ओढून दाखवावं? तू इतकी वर्षं दाखवून राह्यलास. मंग चांगलीच आसंल. मीबी घेते.’

त्यानं बिडी अशी हिसकावली की ती फाटली आणि तंबाखू माझ्या साडीवर सांडला. तेवढ्या झटक्यानंच त्याला खोकल्याची उबळ आली. माझा खांदा धरून तो वाकला. लोक वळून बघत होते आणि मला वाटलं, माझं माहेर इथंच संपतंय. कितीतरी वेळानं त्याला श्वास सापडला.

‘तुझ्या छातीत हा धूर जाऊ देणार न्हाई मी.’

‘आन तुझ्या?’

त्यानं बंडल माझ्या हातावर ठेवलं. दुसरी बहीण असती तर तिथंच विरघळली असती.

‘दुसरा खिसा,’ मी म्हणाले.

खाली बघत त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून आणखी एक बंडल काढलं. ‘आता न्हाई, बाय. खरंच न्हाई.’

मी तरी त्याचे सगळे खिसे भर रस्त्यात चाचपून बघितले. तो लहान मुलासारखा दोन्ही हात वर करून उभा राहिला. खरंच नव्हतं. मग मात्र मला रडू आवरलं नाही.