डॅन्यूबकाठचा उलटा वारा

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या ओळखीच्या पुरुषांना चाळिशीत एकेक खूळ लागायचं. कुणी गोल्फ धरला, कुणी वाइनचे क्लास. माझ्या नवऱ्याला आणि त्याच्या मित्राला सायकलीचं लागलं. ऑफिसातल्या एका अमेरिकनानं युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठच्या सायकल-सफरीचे फोटो दाखवले आणि या दोघांच्या अंगात आलं. दोघंही नागपूरचे, दोघंही इंजिनियर. तिकडे स्कूटर आल्याबरोबर जिला अडगळीत टाकलं, त्या सायकलीसाठी इथे हेल्मेटं, हातमोजे आणि बुडाला गादी शिवलेल्या चड्ड्या आल्या. शनिवारी गाडीवर सायकली लादून हे पार्कात जायचे, सपाट रस्ता बघून थोडं फिरायचे आणि येताना डोनट खायचे. त्याला ट्रेनिंग म्हणत.

बायकांचं काम परस्पर ठरलं होतं. आम्ही दोघींनी सामान आणि प्रेशर कुकर घेऊन ट्रेननं पुढचं गाव गाठायचं आणि वरण-भात लावून ठेवायचा, कारण युरोपात गेलं तरी त्याशिवाय यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मी म्हटलं, मलाही सायकल चालवायची आहे, मीही नागपूरच्या उन्हात सायकलनंच कॉलेजला जायचे. नवऱ्यानं नकाशातून मानसुद्धा वर केली नाही.

"तुला नाही झेपणार, यार. आणि जेवणाचं काय?"

ते मला फार लागलं. पण तिकिटं काढून झाली होती, मी कुकर बॅगेत भरला.

प्लॅनिंग कॉम्प्युटरवर, रंगीत तक्ते काढून केलेलं. विमान व्हिएन्नाचं सोयीचं, म्हणून व्हिएन्नाहून निघून जर्मनीतल्या पासाऊला संपवायचं. त्या काठानं शहाणी माणसं उलटी, पासाऊहून खाली येतात, कारण वारा बहुतेक तिकडूनच वाहतो. तक्त्यात वाऱ्याचा रकाना नव्हता. समोरून जर्मन आजी-आजोबा गप्पा मारत आरामात येत, आणि आमचे वीर नाक हँडलला टेकवून रेटत. मित्राचं बूड लवकरच सोलवटलं. गादी काही कामाची निघाली नाही. त्यानं ट्रेन धरली.

सायकली भाड्याच्या, पासाऊला परत करायच्या. ट्रेनमध्ये मित्राची सायकल चढवता येते का, याची चौकशी कुणी करायच्या आत मी सलवार पोटरीशी बांधली, सीट खाली केली आणि निघाले. पाय दुखले, तोंड वाऱ्यानं भाजलं, पण जर्दाळूच्या बागांमधून जाताना मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं गात सुटले. नवरा मागून ओरडायचा की जरा हळू चल. तिकडे मित्र ट्रेनच्या बाकावर पालथा पडायचा आणि कुकर त्याची बायकोच लावायची.

पासाऊच्या चौकात मित्रानं सायकल मागितली, फोटोपुरती. नवरा म्हणाला, दे ना, काय बिघडतं. मी दिली, आणि फोटोही मीच काढला.

कॅरीत परतल्यावर मित्राच्या घरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, आणि स्लाइड शो झाला. पडद्यावर चौकातला फोटो आला, दोन वीर, दोन सायकली. टाळ्या पडल्या. मी समोशांचा ट्रे घेऊन उभी होते. एका काकूंनी मायेनं विचारलं की तू ट्रेनमध्ये कंटाळली असशील ना.

"काकू, मी ट्रेनमध्ये नव्हते. ती सायकल पासाऊपर्यंत मी चालवली."

मित्र प्रोजेक्टरशी खुडबुडत राहिला. त्याच्या बायकोनं मान खाली घातली. सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी मला पुरलं असतं.

तो हसला. मग सगळे हसले, आणि पुढची स्लाइड आली.