ऑरेस्टच्या सिद्धतेतलं चौथं पान

ऑरेस्ट हाव्रिल्यूक मेला तरी मी डोळ्यांतून टिपूस काढणार नाही, असं वीस वर्षं म्हणत आलेय. एडमंटनच्या आमच्या गणित विभागात गुरुवारच्या व्याख्यानाला तो पहिल्या रांगेत बसायचा, दुसऱ्याची चूक हुंगत. आमची रीतच तशी. चूक दिसली की हात वर करायचा, वक्त्याने निमूट खडू द्यायचा. माझ्या पहिल्याच व्याख्यानात माझा खडू यानेच घेतला. आई ते ऐकायला शेजारच्या सास्काचेवान प्रांतातून बर्फात गाडी हाकत आली होती. तिलाच म्हणाला, "बाई, लेकीची सहा वर्षं पाण्यात गेली." मेल्याच्या जिभेला हाड नाही.

स्वतः मात्र अकरा वर्षं एकच प्रश्न उबवत बसलेला. कुठेही खळगा नसलेली घनाकृती घ्यायची, तिच्या गुरुत्वमध्यातून दोनदा, आडवं-उभं कापायचं. सगळ्यांत लहान तुकडा किमान केवढा? जूनमध्ये तो निवृत्त होणार होता. हे जमलं नाही तर नावावर शून्य.

मंगळवारी माझ्या दाराखालून त्याची सिद्धता आली. वर चिठ्ठी: 'गुरुवारी बोलतोय. चूक असेल तर आधी सांग.'

चूक चौथ्या पानावर होती. एका टोकाकडून दुसऱ्याकडे काप सरकवत नेला की त्याच्या क्षेत्रफळाचा आलेख कमानीसारखा फुगीरच राहतो, असं त्याने धरलं होतं. आयुष्यभर सपाट फळ्यावर सपाट आकृत्या काढल्या की असंच होतं. कागदावरच्या आकृतीत कापाच्या लांबीला हे लागू पडतं, घनाकृतीत क्षेत्रफळाचं वर्गमूळ घ्यावं लागतं. मी कागद खणात टाकले आणि गप्प बसले.

गुरुवारी मी हात वर केला. त्याने खडू दिला.

"ऑरेस्ट, शंकू घ्या. निम्म्या उंचीवर कापा. क्षेत्रफळ किती?"

"तळाच्या पाव."

"टोकाला शून्य, तळाला पूर्ण, म्हणजे तुमच्या कमानीला मध्ये किमान निम्मं हवं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मला खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

सगळे गेल्यावर तो कोट चढवत म्हणाला, "मंगळवारीच दिसलं होतं ना तुला?"

"हो."

"मीसुद्धा गुरुवारपर्यंत थांबलो असतो, मार्लीस. शाबास."

वीस वर्षांत त्याने मला दिलेली ती पहिलीच शाबासकी.